पाच अंशांना वितळणारं मेण

तिसऱ्या चाचणीतही पेटी नवव्या तासाला नापास झाली. आतलं तापमान लसीला चालणाऱ्या आठ अंशांच्या वर गेलं. टिकायला हवी होती बारा तास; डोंगरापलीकडच्या वस्तीत पोचून शेवटच्या बाळाला लस टोचेपर्यंत आत्याला तेवढा वेळ लागतो. आत्या त्या भागातली परिचारिका. मागच्या फेरीत घाईत भरलेल्या बर्फाच्या पेटीत लस गोठली, फेकून द्यावी लागली आणि अकरा बाळं तशीच राहिली.

म्हणून तिच्या भाचीने ही पेटी बनवली. भाची फ्रिज दुरुस्त करते. बर्फाऐवजी तिने पाच अंशांना वितळणारं मेण चपट्या डब्यांत भरलं. साध्या फ्रिजमध्ये, दोन अंशांवर ते घट्ट होतं आणि वितळून संपेपर्यंत लस गोठतही नाही, तापतही नाही.

"फोम जाड केला, झाकणाचं रबर बदललं. आता काय डोकं बदलू?" भाची वैतागली.

"ते असू दे. दुसरं कुठलं मिळणार तुला?" आत्या म्हणाली.

पेटी भरायचं काम आत्याचं, कारण वापरणार तीच. भाची फक्त तापमापकाच्या नोंदी पाहायची. चौथ्या खेपेला मात्र ती भरतानाही उभी राहिली. आत्याने डबे काढून टेबलावर मांडले आणि खुर्ची ओढून बसली. अधूनमधून एखादा उचलायचा, कानाशी नेऊन हलवायचा.

"हे काय चाललंय?"

"आतून पाणी वाजेपर्यंत थांबायचं, नाहीतर लस गोठते. तीस वर्षं करतेय, मला शिकवू नकोस."

"अगं आत्या, ते बर्फाला! मेण वाजायला लागलं म्हणजे अर्धी थंडी टेबलाला वाटून झाली!"

"मग तसं सांगायचं होतंस."

सांगितलं नव्हतं, हे खरंच होतं. आणि आत्याला सांगून भागणार नव्हतं. बाकीच्या परिचारिकाही कानच लावणार.

तिने सगळे डबे पारदर्शक प्लास्टिकचे केले. मेण घट्ट, पांढरं दिसलं की लगेच भरायचं, वितळून आरपार दिसलं की परत फ्रिजमध्ये.

पुढची चाचणी सकाळी सहाला सुरू झाली. संध्याकाळी सहाची नोंद: सहा पूर्णांक दोन अंश.

आत्याने तो आकडा चष्मा लावून दोनदा वाचला आणि वस्तीवर फोन लावला.

"गुरुवारी येते. झाडून सगळी बाळं आणा. आणि पाजून आणा गं, उपाशी असली की डोकं उठवतात."