वळणावरची झोप

ड्रायव्हरच्या शर्टाच्या खिशातला अर्ज त्याला सकाळपासून टोचत होता. आता कागद तो काय टोचणार म्हणा, पण मन खायला लागलं की कागदही टोचतो. अर्जात दोनच ओळी होत्या. वयोमानामुळे गाडी चालवणं झेपत नाही, तरी मला या कामातून मोकळं करावं. एवढं लिहायला त्याला तीन कागद लागले होते.

एकतीस वर्षं तो आरोग्य केंद्राची गाडी चालवत होता. डोंगरातल्या वस्त्यांवर सिस्टरला घेऊन जायचं, लसी, बाळंतपणं, काय असेल ते उरकून परत आणायचं. सिस्टर त्याच्याहून वीस वर्षांनी लहान, जिभेला धार, आणि तिची झोप तर पंचक्रोशीत गाजलेली. गाडी सुरू झाली की मान खिडकीला, आणि दुसऱ्या वळणाला घोरणं चालू. "तुम्ही असलात की हॉर्न वाजवावा लागत नाही," असं तो तिला चिडवायचा.

पण गेले चार महिने गाडी त्याचं ऐकेनाशी झाली होती. सरळ रस्त्यावर भरकटायची. वळणावर स्टेअरिंग दगडासारखं जड व्हायचं आणि गाडी वळायचं सोडून पुढेच, म्हणजे दरीकडे, सरकत राहायची. मोठ्या गॅरेजात दोनदा दाखवून झालं. त्यांनी अलाइनमेंट केली, बॅलन्सिंग केलं, मशीनमधून कागद काढून दिला. सगळं बरोबर. वर तिथला मेकॅनिक म्हणाला, "काका, गाडी ठणठणीत आहे. आता तुम्हीच जरा दमानं घ्या." बोलला गोड, पण लागायचं तिथे लागलंच.

आणि गेल्या आठवड्यात एका वळणावर पुढचं चाक पार कडेला गेलं. सुटलेले दगड खाली जाताना ऐकू आले, बराच वेळ ऐकू येत राहिले. शेजारी सिस्टर डोळे मिटून बसलेली. त्या दिवशी घरी गेल्यावर त्याने अर्ज लिहायला घेतला. मी मेलो तर मेलो, पण या बाईला घेऊन नको, असं त्याने बायकोला सांगितलं. बायकोने पेन शोधून दिलं.

आज सिस्टरची मोठ्या ऑफिसात बैठक होती. दुपारी तिला घ्यायला जायचं आणि तिथेच अर्ज द्यायचा, असं त्याने ठरवलं होतं. वाटेत एक चाक थोडं बसल्यासारखं दिसलं म्हणून तो पुलाजवळच्या टायरच्या दुकानात शिरला. दुकान कसलं, पत्र्याची शेड, हवेचं मशीन आणि भिंतीला टेकवलेली जुन्या टायरांची चळत. दुकान एका बाईचं होतं. पन्नाशीची, केस घट्ट बांधलेले, हात कोपरापर्यंत काळे. ड्रायव्हरच्या कपाळावर आठी पडलीच.

"हवा भरायची आहे, बाई."

बाईने हवा भरली. खिळा वगैरे काही नव्हता. मग ती पुढच्या चाकापाशी बसली आणि तिने टायरवरून तळवा फिरवला. एकदा पुढे, एकदा मागे. मग दुसऱ्या बाजूचं चाक. मग मागची दोन. गॅरेजवाल्यांनी मशीन लावलं होतं, पण हात कुणी लावला नव्हता.

"भाऊ, इकडे या. हात ठेवा इथे."

त्याने हात ठेवला. एका दिशेने टायर गुळगुळीत लागलं. उलटा हात फिरवला तर नक्षीची प्रत्येक कड बोटात रुतली, करवतीचे दात असावेत तशी. रोज सकाळी तो या टायरांना पाय मारून बघायचा. हात कधी फिरवला नव्हता.

"ही टायर नुसती झिजलेली नाहीत, घासली गेलीत," बाई म्हणाली. "मागची दोन नवी कधी टाकली?"

"चार महिने झाले."

"आणि रस्ता?"

"तोही तेव्हाच झाला. आधी नुसती खडी होती, आता डांबर आहे. रस्ता सुधारला आणि मी बिघडलो."

बाई हसली नाही. तिने खडू घेतला, चारही चाकांवर आणि खाली फरशीवर खुणा केल्या. दोघांनी मिळून गाडी ढकलली, चाकांचा बरोबर एक फेरा होईपर्यंत. मग दोरी लावून तिने फरशीवरचं अंतर मोजलं. "कागद आहे का काही?" तिने विचारलं, आणि त्याने विचार न करता खिशातला अर्ज काढून दिला. तिने त्याच्या पाठीमागे चार आकडे लिहिले. पुढची चाकं एका फेऱ्यात मागच्यांपेक्षा दोन बोटं कमी चालत होती.

"दोन बोटांनी काय होतंय?" तो म्हणाला.

"फोर-व्हील कधी टाकता?"

"कायम. चारही चाकांना इंजिनाचा जोर असलेला बरा. एकतीस वर्षं. सिस्टर गाडीत असतात, उगीच धोका कशाला?"

बाईने त्याच्याकडे बघितलं. "बसा गाडीत. स्टेअरिंग पूर्ण वळवा आणि हळूच क्लच सोडा."

त्याने तसं केलं. शेडसमोरच्या मोकळ्या डांबरी जागेत गाडी दोन हात गेली, अडखळली, पुढची चाकं फरफटली आणि ब्रेक न लावता गाडी जागच्या जागी थांबली. हेच ते. हाच तो वळणावरचा जडपणा, आणि इथे ना वळण होतं ना दरी.

"आता फोर-व्हील काढा."

फोर-व्हीलचा दांडा हलेना. त्याने दोन्ही हातांनी ओढला.

"जबरदस्ती नको. थोडी मागे घ्या."

गाडी हातभर मागे आली आणि पायाखाली कुठेतरी दणकन आवाज झाला. दांडा आपसूक सुटला. त्याने पुन्हा स्टेअरिंग वळवलं. गाडी आवाज न करता गोल फिरली. त्याने आणखी एक फेरी मारली, आणि मग गरज नसताना तिसरी. डोळे भरून आले होते, पुसायला हात मोकळा नव्हता.

"फोर-व्हीलमध्ये पुढची आणि मागची चाकं एकाच बेडीत," बाई खिडकीशी येऊन म्हणाली. "वळताना पुढच्यांना जास्त चालावं लागतं, आणि तुमची पुढची तर झिजून मुळातच दोन बोटं कमी चालतात. खडीवर चाक घसरायचं, भांडण मिटायचं. डांबर घसरू देत नाही. मोठ्या गॅरेजात तपासताना दांडा काढलेला असणार. पुढचीही दोन नवी टाका, आणि फोर-व्हील फक्त चिखलात."

"म्हणजे चूक माझीच."

"चूक तुमचीच. पण हेही बघा." ती पुन्हा टायरपाशी बसली. "अशी गाडी दुसऱ्या कुणी चालवली असती, तर घाबरून ब्रेक दाबले असते. दर वेळी टायरवर एक चट्टा पडतो. मी मघापासून शोधतेय. एकही नाही. चार महिने गाडी दरीकडे ओढत होती आणि तुम्ही तिला नुसत्या हातांनी आणलीत. शेजारी बसणारी बाई काय करते?"

"झोपते."

"या गाडीत?" बाई कितीतरी वेळ त्याच्या हातांकडे बघत राहिली. तोही बघत राहिला. त्याला वाटलं, हे हात आपण आजच पाहतोय.

"येतो, ताई," निघताना तो म्हणाला.

दुपारी सिस्टर गाडीत बसली. अर्ज डॅशबोर्डवर पडला होता, आकडे वर. घाट सुरू झाला. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. सिस्टरने डोळे उघडले, सावरून बसली आणि म्हणाली, "काका, आज काय केलंत गाडीला?" त्याने सगळं सांगितलं. आकडे बघायला तिने कागद उचलला आणि उलटा केला. दोनच ओळी, पण तिला वाचायला वेळ लागला.

"मी चार महिने झोपले नाही," ती म्हणाली. "डोळे मिटून बसत होते. मी जागी आहे असं दिसलं की तुमचे हात आणखी आवळायचे."

त्याने वेग कमी केला. "ते दगड पडले तेव्हाही?"

"तेव्हाही."

"मग दुसऱ्या दिवशी बसलात कशाला?"

"आणि कुणाच्या गाडीत बसू?" तिने कागदाची घडी घातली, आकडे वर ठेवून. "मापं आहेत, टायर घेताना लागतील. जपून ठेवा." आणि तिने मान खिडकीला टेकवली.

तिसऱ्या वळणाला ती घोरायला लागली. चार महिन्यांत त्याने तो आवाज ऐकला नव्हता, आणि ऐकला नव्हता हे त्याच्या आज लक्षात आलं.