तिसरी सीडी

आत्याचा फोन आला तेव्हा छकू एका पेशंटची अक्कलदाढ काढून नुकतीच हात धूत होती. छकू म्हणजे अडतीस वर्षांची दातांची डॉक्टर, पण आत्याच्या लेखी ती अजून छकूच.

"काम आटोपलं की ये," आत्या म्हणाली. "कॉम्प्युटर सुरू होत नाहीये आणि सूची त्यातच आहे."

तिचा आवाज अगदी शांत होता. त्यावरूनच छकूने ओळखलं की प्रकरण गंभीर आहे. तिने दुपारचे पेशंट उद्यावर ढकलले आणि निघाली.

आत्या पुस्तकांच्या शेवटी असते ती सूची तयार करायची. कुठलं नाव, कुठला विषय कोणकोणत्या पानांवर आलाय ते सगळं. त्याआधी तीस वर्षं ती एका छापखान्यात मुद्रितशोधनाचं काम करत होती. या वेळचं पुस्तक पुलांच्या इतिहासावरचं, नऊशे पानांचं. तीन महिने ती त्याला चिकटून बसली होती. पाच वाजेपर्यंत सूची प्रकाशकाकडे पोचायला हवी होती, कारण उद्या पुस्तक छपाईला जाणार होतं.

"दुसरीकडे कुठे कॉपी ठेवलीयेस?" छकूने दारातच विचारलं.

"ठेवणार होते."

कॉम्प्युटर इतका जुना होता की त्याचा मूळचा पांढरा रंग आता पिवळट पडला होता. चालू केला की निळा पडदा यायचा, मग काळा, मग पुन्हा निळा. छकूने आत्याला समजावलं: कॉम्प्युटर चालवणारी आतली रोजची व्यवस्था बिघडलीये, पण फाइली बहुतेक शाबूत असतील. लिनक्स नावाची दुसरी व्यवस्था थेट सीडीवरून चालवायची, हार्ड डिस्कला धक्का लावायचा नाही, आणि फाइल तेवढी पेन ड्राइव्हवर घ्यायची.

"म्हणजे घरमालक बेशुद्ध पडलाय, तर आपण खिडकीतून आत शिरायचं," आत्या म्हणाली.

"तसंच समज."

छकूच्या दवाखान्यात पेशंटना एक्स-रे सीडीवर द्यायची सोय होती, त्यामुळे येतानाच तिने लिनक्सची सीडी करून आणली होती. ती आत सरकवली, कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. सीडी घरघरली आणि समोर तोच निळा पडदा.

"आधी सीडीत बघ, असं त्याला सांगावं लागतं," छकू म्हणाली. त्यासाठी सुरू होताहोताच एक बटण दाबायचं असतं, पण नेमकं कुठलं ते प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने ठरवते. चार वेळा वेळ चुकली, तीन वेळा बटण चुकलं. आठव्या खेपेला, कॉम्प्युटरने आधी कुठे बघायचं त्याची यादी एकदाची उघडली. छकूने सीडीला पहिला नंबर दिला, जपून ठेवलं, पुन्हा चालू केलं. निळा पडदा.

"ते सीडीला मोजतच नाहीये," आत्या म्हणाली.

"दिसतंय मला."

चूक छकूची होती आणि ती कळायला तिला वीस मिनिटं लागली. तिने डाउनलोड केलेली फाइल सीडीवर नुसती कॉपी केली होती. तशी चालत नाही. फाइल उलगडून सीडीवर लिहावी लागते. दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे होता. ती गेली, नवी सीडी केली, धापा टाकत परत आली. तीन वाजून गेले होते.

या वेळी मात्र पडद्यावर लिनक्सचं नाव आलं. छकूने सुटकेचा निःश्वास टाकला, एंटर दाबलं, आणि पडदा काळा झाला. वर दोन ओळी अक्षरं. तिने ताडकन कॉम्प्युटर बंद केला आणि पुन्हा चालू केला. पुन्हा नाव, पुन्हा एंटर, पुन्हा काळं. पुन्हा बंद.

"थांब," आत्या म्हणाली.

"आत्या, प्लीज. मला करू दे."

सीडी काढून तिने ओढणीने पुसली, परत घातली. तेच. दुसरा पर्याय निवडून पाहिला. तेच. पेशंटच्या तोंडात दीड तास वाकून उभं राहणारी बाई, पण या डब्यापुढे तिचा धीर सुटत चालला होता. तिने बंद करायच्या बटणाकडे हात नेला, तेवढ्यात आत्याने तिचं मनगट धरलं.

"चार वेळा ते काहीतरी सांगतंय आणि दर वेळी तू त्याचं तोंड दाबतेस. वाचलंस का काय लिहिलंय?"

"एरर आहे. एररमध्ये काय वाचायचं?"

आत्याने चष्मा वर सरकवला, खुर्ची पुढे ओढली आणि प्रुफावर ठेवावं तसं बोट पडद्यावर ठेवून ती एकेक शब्द वाचू लागली. "याला चौसष्ट बिटांचा प्रोसेसर हवाय. इथे सापडलाय तो दुसराच, आय सहा आठ सहा. खाली लिहिलंय, आपल्या प्रोसेसरला योग्य ती आवृत्ती वापरा." ती मागे टेकली. "बिट म्हणजे काय ते मला ठाऊक नाही. पण तू चुकीची आवृत्ती आणलीयेस, एवढं त्याने स्वच्छ शब्दांत लिहिलंय."

कॉम्प्युटर जुन्या, बत्तीस बिटांच्या जातीचा होता. त्याचा तो पिवळट रंग बघूनच तिच्या हे ध्यानात यायला हवं होतं.

ती पुन्हा दवाखान्यात गेली. जुन्या यंत्रांसाठीची आवृत्ती शोधण्यात पंधरा मिनिटं गेली, उतरवून घेण्यात त्याहून जास्त. तिसरी सीडी घेऊन ती जिना चढली तेव्हा चार वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. या खेपेला काळ्या पडद्यावर ओळींमागून ओळी धावू लागल्या आणि आत्या त्या वाचायला धडपडू लागली.

"या नको वाचूस," छकू म्हणाली. "या ठीक आहेत."

शेवटी एक साधा, करडा पडदा उघडला. हार्ड डिस्क दिसली. तिच्यात आत्याचा फोल्डर, फोल्डरमध्ये सूची, एकशे बारा पानं. छकूने ती पेन ड्राइव्हवर घेतली, लॅपटॉपला लावली आणि उघडून आत्यापुढे धरली. आत्याने पहिलं पान पाहिलं, मधलं एक पाहिलं, शेवटचं पाहिलं. तिच्या हनुवटीखालची शीर उडत होती. सकाळपासून ही बाई किती घाबरलेली असेल, हे छकूला आत्ता कुठे कळलं.

"पाठव," आत्या म्हणाली.

पाचला सात मिनिटं कमी असताना मेल गेली. प्रकाशकाकडून 'मिळाली' एवढंच उत्तर आलं. छकू जमिनीवरच भिंतीला टेकून बसली, पाय लांब करून. आत्याने आतून पाणी आणून दिलं आणि तिच्याशेजारी, गुडघे सांभाळत, हळूच खाली बसली.

"मघाशी मी तुझ्यावर ओरडले," छकू म्हणाली.

"ओरडलीस कुठे? चिडचिड केलीस." आत्याने पेन ड्राइव्ह हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. "आता मला हे कॉपी करायचं शिकव. आत्ताच. उद्या म्हणालीस तर मी विसरेन आणि तूही विसरशील."