साडेसात हजार एक

लातूरहून वास्तुशांतीची पत्रिका आली आणि सिंधूच्या पोटात दुखायला लागलं. ओवा खाऊन बरं होणारं हे दुखणं नव्हतं. पत्रिका धाकट्या जावेची होती, आरतीची. वर गणपती, मध्ये दोन मजली घराचा रंगीत फोटो आणि खाली 'रविकिरण व सौ. आरती ढगे'. सिंधूने ती तीनदा वाचली. तिसऱ्यांदा वाचताना तळाची बारीक ओळ दिसली: 'कृपया आहेर आणू नये.'

"बघितलं का," ती नवऱ्याला म्हणाली. "आपल्यासाठीच छापलंय हे."

बजरंग कामावर निघायच्या गडबडीत होता. "चारशे पत्रिका छापल्यात त्यांनी. चारशेच्या चारशे आपल्यासाठीच का?"

"हाव. उघड दिसायला नको म्हणून बाकीच्या छापल्या."

बजरंग चप्पल घालून निघून गेला.

एकेकाळी जळायची पाळी आरतीची होती. आठ वर्षांपूर्वी बजरंगने नांदेडला फ्लेक्स छपाईचं दुकान टाकलं, तेव्हा उद्घाटनाला नवी नवरी आरती रविकिरणबरोबर आली होती. त्यांचा आहेर माईकवर पुकारला गेला, एकतीसशे रुपये. सिंधू गल्ल्याजवळच्या खुर्चीवर बसून सगळ्यांना पेढे वाटत होती. पुढे लॉकडाऊनमध्ये दुकान बसलं, मशीन भंगाराच्या भावात गेलं, आणि पतसंस्थेचं कर्ज तेवढं राहिलं. बजरंग आता दुसऱ्याच्या दुकानात पगारावर फ्लेक्स छापतो. सिंधू घरी साड्यांना फॉल-पिको करते.

वसुलीला येणारे दस्तगीरसाहेब भले माणूस निघाले. एकदा पैसे मागायला आले, घराकडे नजर टाकली, चहा घेतला, आणि सिंधूच्या मुलीच्या, सृष्टीच्या, वहीतला एक कागद फाडून त्यावर वीस चौकोन आखले. दर महिन्याच्या दहा तारखेला साडेसात हजार. वीस हप्ते वेळेवर भरले तर सव्वा लाखाचं दंडव्याज माफ, तशी मंजुरी मी वरून आणतो, म्हणाले. एक जरी हप्ता चुकला तरी मंजुरी रद्द. चौकोनांखाली त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं: हॉटेल नाही, नवी साडी नाही, उसनवारी नाही, आहेर शंभराच्या वर नाही.

"आहेर कशाला त्यात?" सिंधूने विचारलं होतं.

"भाभी, पंधरा साल वसुली करून राहिलो. लोक बीमारीने कमी बुडतात, आहेराने जादा. आज कुणी एक हजार दिले की उद्या तुम्हाला अकराशे द्यावे लागतात. तो पण उधारच हाय, फक्त पावती मिळत न्हाई."

तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. सतरा महिन्यांत सतरा चौकोनांत बरोबरची खूण झाली. त्यासाठी सिंधूने कोणकोणत्या हौशी मारल्या ते तिलाच माहीत. आणि याच सतरा महिन्यांत घराण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आरतीचा स्लॅब पडला, टाईल्स बसल्या, ओट्याला काळा दगड आला. सिंधू प्रत्येक फोटो दोन बोटांनी मोठा करून बघायची आणि खाली हात जोडल्याचं चित्र पाठवायची. आत जीव जळत असायचा.

वास्तुशांती रविवारी, आठ तारखेला. हप्ता मंगळवारी, दहाला. साडेसात हजार कपाटात मोजून ठेवले होते. निघताना सिंधूने ते पर्समध्ये टाकले. दिवसभर घराला कुलूप, चोराचिलटाचं भय, असं तिने स्वतःला समजावलं. एसटी स्टँडवर मात्र तिने रुपया चिकटवलेलं एक आहेराचं पाकीट विकत घेतलं, आणि मग चोराचं निमित्त काही उरलं नाही.

लातूरच्या नव्या वस्तीत घर होतं. फोटोत होतं त्याहून मोठं. आरती नारायणपेठी नेसून दारात आली, वाकून पाया पडली. "अक्का, आधी तुम्हाला वरचा मजला दाखविते."

सिंधूने सगळं घर फिरून पाहिलं. जिना जरा अरुंद आहे म्हणाली, देवघराला उजेड कमी म्हणाली. आरती "हाव की" म्हणत राहिली. तिला काहीच लागत नव्हतं, याचंच सिंधूला जास्त लागलं. खाली आली तर लोह्याची चुलतसासू खुर्चीत बसलेली. म्हातारीने भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "धाकटीनं नाव काढलं बघ घराण्याचं. एकेकाचं नशीब असतंय, बाई."

एवढं पुरे झालं. मांडवात शेजारचे सिद्रामप्पा माईक धरून पंगतीला माणसं बोलावत होते. वस्तीतल्या प्रत्येक कार्याचा माईक त्यांच्याकडेच. सिंधूने पाकीट त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

"आहेर घेऊन न्हाई राहिले, बाई. पत्रिकेत हाय."

"मी पाहुणी न्हाई, थोरली जाऊ हाय. घरचा आहेर हाय. पुकारा."

सिद्रामप्पांचाही नाईलाज झाला. माईक हातात असताना आहेर न पुकारणं त्यांना तरी कुठं जमणार होतं? त्यांनी नोटा मोजल्या, घसा साफ केला. "सौ. सिंधू बजरंग ढगे, नांदेड, यांच्याकडून साडेसात हजार एक रुपये आहेर."

कर्णा चांगला होता. पार कोपऱ्यावरच्या टँकरपर्यंत आवाज गेला. बजरंग पंगतीत वरणाची बादली घेऊन वाढत होता, तो वाकलेला तसाच राहिला. आरती स्वयंपाकघराच्या दारात आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो बघून सिंधूच्या पोटाला आठ वर्षांनी थंडावा मिळाला. जळ, ती मनात म्हणाली, आता तू जळ.

पुढचं तिच्या डोक्यात आलं नव्हतं. सख्ख्या जावेने साडेसात हजार दिले म्हटल्यावर बाकीच्यांनी रिकाम्या हाताने जेवायचं कसं? आधी लोह्याची चुलतसासू उठली. मग मावस, मग मामे, मग वस्तीतले. कुणी बटवा उघडला, कुणी शेजाऱ्याकडून पाचशे मागून घेतले. सिद्रामप्पांनी पोरांची एक वही मागवली आणि नावं लिहायला सुरुवात केली. अर्ध्या तासात बेचाळीस नावं झाली. पहिलं सिंधूचं होतं.

तेवढ्यात आरतीने तिचा हात धरला आणि जिन्याने वर नेलं. खोलीचं दार लोटून घेतलं.

"अक्का, तो हप्ता हाय ना तुमचा? परवाचा?"

"कोण म्हणतं?"

"साडेसात हजार ऐकलं तवाच कळलं मला."

सिंधू काही बोलायच्या आत आरतीने कपाट उघडलं. दाराला आतून एक कागद चिकटवला होता. तसेच चौकोन, फक्त खूप बारीक, मुंगीएवढे. सगळा कागद भरून दोनशे चाळीस. पहिल्या नऊ चौकोनांत बरोबरच्या खुणा. खाली तेच शब्द: हॉटेल नाही, नवी साडी नाही, उसनवारी नाही. शेवटची ओळ तेवढी वेगळी होती: आहेर द्यायचा नाही, घ्यायचा नाही.

"भाऊजी दर हप्त्याला तुमच्या कागदाचा फोटो ह्यांना पाठवतेत," आरती म्हणाली. "आम्ही त्यावरूनच केलं. अठरा हजार सातशेचा हप्ता हाय घराचा. क्लासच्या ऑफिसात ह्यांना पगार किती, तुम्हाला ठाऊक हाय. आजचं जेवण बी माझ्या वडिलांनी घातलंय. ही साडी आईची हाय."

सिंधूने बोट लावून नऊ खुणा मोजल्या.

"खरं सांगू? तुमच्या खुणा मोजून लई जळायचं माझं. तुमचं तीन हप्त्यात सुटणार. माझं सुटंल तवा माझ्या लेकीचं लग्न झालेलं असंल." आरतीने खाली मांडवाकडे हात केला. "आणि आता ही वही. बेचाळीस घरांचा आहेर, अक्का. प्रत्येकाला वाढवून द्यायचा. येत्या उन्हाळ्यातच अकरा लग्नं हायत त्यांच्यातली. म्हणून तर छापलं होतं, आणू नका म्हणून."

खोटं कशाला सांगावं? सिंधूला आधी बरंच वाटलं. आपण जिच्या टाईल्स मोठ्या करून बघत होतो, ती आपल्या खुणा मोजत होती. किती वर्षांत कुणी तिच्यावर जळलं नव्हतं. तो आनंद तिने घोटभर घेतला. मग खालून सिद्रामप्पांचा आवाज आला, "शहाजी मामा, लोहा, अकराशे रुपये," आणि आरतीने डोळे मिटून घेतले. तेव्हा सिंधूला स्वतःचीच शरम वाटली.

"तुमचं पाकीट मी मागवून घेते," आरती म्हणाली. "मागच्या जिन्यानं घेऊन जा. कुणाला कळायचं न्हाई. हप्ता चुकवू नका तेवढा."

लबाडी सोपी होती. पैसे परत, वहीत नाव पहिलं, लोह्याच्या म्हातारीसमोर मान वर. आणि बाकीचं सगळं आरतीच्या बोकांडी. सिंधू क्षणभर मोहात पडली, हे मान्य करायला हवं. मग ती पुढच्याच जिन्याने खाली उतरली.

सिद्रामप्पा वहीवर वाकले होते. तिने माईक हातात घेतला. कर्णा किंचाळला, तशा पंगतीतल्या माना वळल्या.

"मी सिंधू बजरंग ढगे," ती म्हणाली. "मघाशी पुकारलेला आहेर माझा नव्हता. पतसंस्थेचा होता. आमच्यावर कर्ज हाय, परवा त्याचा हप्ता हाय. जावेपुढं मोठेपणा करायला मी तो इथं आणला. तो परत घेऊन राहिले. पत्रिकेत आहेर नको लिहिलंय ते खरं हाय. ज्यांनी माझं बघून दिलं, त्यांनी आपापलं पाकीट उचला आणि जेवायला बसा."

कुणीतरी हसलं. "आहेर परत घेतलेला मी जन्मात बघितला न्हाई," सिद्रामप्पा पुटपुटले. कुणी अपशकुन म्हणालं. आणि मग लोह्याची चुलतसासू काठी टेकत पुढे आली.

"माझं दे बाबा," ती म्हणाली. "पोराकडून उसनं घेतलंय मी."

तिच्यामागे रांग लागली. देताना लागली होती त्याहून लवकर लागली. पाचसहा जणांनी नाक मुरडून पैसे तसेच ठेवले, ते रविकिरणने हाता-पाया पडून परत केले. सिंधूने आपल्या पाकिटातून नोटा काढून घेतल्या. रुपयाचं नाणं डिंकाने घट्ट चिकटलं होतं, ते निघेना. तिने पाकीट तसंच टेबलावर सोडलं.

परतीच्या एसटीत बजरंग खिडकीबाहेर बघत बसला. अहमदपूर गेलं, लोहा आलं.

"हप्ता नेला होतास तू," तो म्हणाला.

"हाव."

एरवी चौकोनातली खूण तोच करायचा. मंगळवारी मात्र पेन त्याने तिच्या हातात दिलं. अठराव्या चौकोनातली खूण तिने केली.

त्यानंतर दोन महिन्यांनी विसावी खूण झाली. दस्तगीरसाहेब कर्ज फिटल्याचा, बेबाकीचा दाखला स्वतः घेऊन आले, बिनसाखरेचा चहा पिऊन गेले. त्याच आठवड्यात रविकिरण कामाने नांदेडला आला आणि एक पाकीट देऊन गेला. आत दोन रुपयांचं नाणं होतं, आणि एक चिठ्ठी. 'अक्का, तुमचा रुपया राहिला होता. वहीत फक्त तुमचंच नाव ठेवलंय. आहेर वाढवून परत करते. माझे दोनशे अठ्ठावीस राहिले.'

सिंधू हसली. मग सवयीने मोबाईल उघडला. आरतीच्या गच्चीत कुंडीतला मोगरा फुलला होता. तिने फोटो दोन बोटांनी मोठा केला. पोटात थोडं दुखलंच.

तिने कपाट उघडलं. वीस खुणांच्या कागदाला खाली दोन बोटं जागा होती. तिथे तिने नवा चौकोन काढला आणि पुढे लिहिलं: आरती, तीन रुपये.