ग्राइंडरवरची शेवटची जागा

बाबा गेल्यावर मी घर आवरायला आले, तेव्हा त्यांच्या कॉफीच्या बिया ओट्याखालच्या कपाटात सापडल्या. त्या असायला हव्या होत्या फ्रीजरमध्ये. बाबा एकेका कपापुरत्या बिया छोट्या काचेच्या बाटल्यांत भरायचे, बूच घट्ट लावायचे आणि गोठवून ठेवायचे. हवा आणि ऊब, दोन्ही कॉफीचे वैरी, असं त्यांचं म्हणणं.

आत्याला विचारलं. ती खालच्याच मजल्यावर राहते, मदतीला वर आली होती.

"तो दवाखान्यात, घरात चिटपाखरू नाही, मग फ्रीज कशाला चालू ठेवायचा? बंद केला, आतून पुसून घेतला. मला वाटलं, औषधाच्या बाटल्या आहेत."

"औषधाच्या?"

"त्याचं औषधच की ते. सकाळी मिळालं नाही तर दिवसभर फुरंगटून बसायचा." ती हसली आणि मग उगाचच ओटा पुसू लागली.

बाटल्या दोनच उरल्या होत्या. बाबांची कॉफी, त्यांच्याच मशीनवर, अगदी त्यांच्यासारखी जमलेली, मला एकदा प्यायची होती.

पहिली बाटली ग्राइंडरमध्ये ओतली. दळण किती बारीक हवं ते ठरवणारी चकती बाबांनी शेवटची फिरवली होती तशीच होती. मी तिला हात लावला नाही. मशीन सुरू केलं आणि कॉफी नळ सोडल्यासारखी भसाभस आली. फिकट, पाणचट, आंबूस.

कारण कळत होतं. बिया शिळ्या झाल्या की पाणी त्यांच्यातून पटकन निसटतं. दळण आणखी बारीक करायला हवं होतं. म्हणजे चकती फिरवणं आलं.

"अगं, मग फिरव की," आत्या म्हणाली. "तो तर रोज सकाळी तिच्याशी झटापट करायचा."

"त्यांनी सोडलेली ही शेवटची जागा आहे, आत्या."

"मग ठेव तशीच आणि बस बघत." ती दाराकडे वळली. "मी जाते खाली. मला बाई आपला चहाच बरा."

ती गेल्यावर मी दुसरी बाटली ग्राइंडरमध्ये ओतली. मग चकती फिरवली. अगदी थोडी. परत आणता येईल असं वाटलं होतं, पण आधीची जागा नेमकी कुठली होती ते लगेचच सांगता येईना.

या वेळी कॉफी सावकाश उतरली, काळसर, दाट धारेने. पहिला घोट कडू लागला. मग जिभेच्या मागे काहीतरी गोडसर आलं, कुठल्यातरी फळासारखं. अशा वेळी बाबा आधी फळाचं नाव घ्यायचे, आणि मग मला ती चव लागायची. मी कप हातात धरून राहिले. नाव काही सुचेना.

फोन वाजला. "जमली का?" आत्या.

"जमली. छान झाली."

"छान म्हणजे कशासारखी? तो मला फळांचा अख्खा बाजार ऐकवायचा."

मी उरलेला घोट घेतला. तो गार झाला होता.

"मला नाही सांगता येत," मी म्हणाले.

आत्याने फोन ठेवला नाही.