बाराशे चोवीस माणसं

मी माणसं मोजतो. रस्ते खात्यात बावीस वर्षं हेच काम. रस्त्याकडेला प्लास्टिकची खुर्ची टाकायची, हातात मोजणीचं यंत्र धरायचं आणि रस्ता ओलांडणाऱ्या प्रत्येक माणसामागे एकदा अंगठा दाबायचा. त्या आकड्याचं पुढे काय होतं, हे मी कधी विचारलं नाही. विचारणाऱ्यांची बदली होते.

माझी ताई मात्र विचारायची. तिने आणि भाऊजींनी घर घेतलं तेच मुळी समोरच्या हॉस्पिटलसाठी. भाऊजींच्या दोन्ही किडन्या गेलेल्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. दारापासून दारापर्यंत साठ-सत्तर पावलं, पण मधे सहापदरी रस्ता, आणि त्यावर ना पट्टे ना सिग्नल. चार तास यंत्राला जखडून सुटलेल्या माणसाला धड उभं राहता येत नाही. त्याला बखोटीला धरून ताई गाड्यांमधून ओढत आणायची.

चार वर्षं तिने आमच्या खात्याच्या पायऱ्या झिजवल्या. अर्धं शहर पायी चालतं, मग अर्थसंकल्पात त्याचा वाटा कुठे आहे, असं ती लिहायची. दोघं शेजारी चालतील एवढा फूटपाथ द्या, म्हातारा माणूस पलीकडे पोचेल इतका वेळ सिग्नल हिरवा ठेवा, गाड्यांसाठी पूल बांधता तर आमच्यासाठी दोन डबे पांढरा रंग काढायला हात का आखडतो? ऑफिसात तिला ‘फूटपाथवाली’ म्हणायचे. ती आली की सगळे फायलीत तोंड खुपसून हसायचे. मीही हसायचो. ती माझी बहीण आहे हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. लाज वाटायची, दुसरं काय.

मग नवे साहेब आले. त्यांनी तिचा अर्ज चक्क वाचला आणि मोजणी लावली. दिवसाला पाचशेच्या वर माणसं भरली तर काहीतरी करता येईल, म्हणाले. काम माझ्याकडे आलं.

मोजणीच्या दिवशी नऊ वाजता बघतो तर ताईची अख्खी वसाहत फाटकाशी उभी. ताईने घरोघरी जाऊन सगळ्यांना बाहेर काढलं होतं. एरवी या रस्त्याच्या धास्तीने घराबाहेर न पडणारे आजोबा, पोटुशी सून, दुकान बंद करून आलेला शिंपी, सगळे जीव मुठीत धरून रस्ता ओलांडू लागले. मी तिला बाजूला घेऊन चांगलं झापलं. ही मोजणी आहे, सहल नाही, म्हटलं, एवढ्यांना आणायची काय गरज होती? तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते चालतायत ना, मग मोज, एवढंच म्हणाली.

संध्याकाळी सहाला यंत्रावर सहाशे बारा होते. एकेक माणूस खरा.

आता आमच्या खात्याची रीत अशी की वरचे लोक काहीही दिलं तरी निम्मं कापतात. डांबराची शंभर पिंपं हवी असतील तर दोनशे लिहायची, चार खुर्च्या हव्यात तर आठ. सहाशे बाराचे तीनशे सहा झाले तर ताईची चार वर्षं पाण्यात. म्हणून मी तक्त्यात बाराशे चोवीस लिहिले. तिच्यासाठी कुरकुर न करता केलेलं माझ्या आयुष्यातलं हे पहिलंच काम. घरी जाताना मला फार बरं वाटत होतं.

नव्या साहेबांना ही रीत माहीत नव्हती. त्यांनी आकडा खरा धरला आणि नियमावली उघडली. पाचशे ते हजार माणसं असली तर पट्टे आणि सिग्नल. हजाराच्या वर गेली तर वेगवान वाहतुकीला अडथळा, म्हणून दुभाजकावर जाळी. त्यांनी मला मुद्दाम बोलावून कौतुक केलं. रोज एवढे लोक रस्त्यात घुसतात हे तुमच्यामुळे कळलं, म्हणाले. खरा आकडा तेव्हाच सांगता आला असता. पण खोट्या मोजणीबद्दल निलंबन होतं आणि माझी निवृत्ती तीन वर्षांवर होती. मी ‘हो साहेब’ म्हणून बाहेर आलो.

महिन्याभरात या चौकापासून त्या चौकापर्यंत डोक्याच्या वर जाणारी लोखंडी जाळी उभी राहिली. पादचारी सुरक्षेच्या निधीतून, असा फलकही लागला. आता हॉस्पिटलला जायचं तर चौकातून वळसा, दोन किलोमीटर, गटाराच्या काठाकाठाने. एवढ्याशा अंतराला रिक्षावाले येत नाहीत. पहिला आठवडा भाऊजी थांबत थांबत चालले. मग डायलिसिसला खाडे सुरू झाले.

जाळीचा परिणाम बघायला पुन्हा मोजणी लागली आणि पुन्हा मलाच पाठवलं. शनिवार होता. अकरा वाजेपर्यंत यंत्रावर शून्य. तेवढ्यात दोघं खाली आली. भाऊजींचे पाय इतके सुजले होते की टाचा चपलेबाहेर. जाळीतून हॉस्पिटलचं दार स्वच्छ दिसत होतं. ते थोडा वेळ त्या दाराकडे बघत राहिले, ताईला काहीतरी म्हणाले आणि भिंतीला धरून परत फिरले.

ताई माझ्यापाशी आली आणि रस्त्याच्या कडेलाच बसली.

“नको म्हणाले. या महिन्यातला हा चौथा खाडा,” ती म्हणाली. “माझंच चुकलं रे. कागद बघितला मी तुमच्या ऑफिसात. हजाराच्या आत असते तर पट्टे मिळत होते. मीच हावरटासारखं सगळ्यांना ओढून आणलं. म्हातारे, आजारी, कुणाला सोडलं नाही. ह्यांना मीच मारतेय.”

तिने वर बघितलं.

“खरंच एवढी होती का रे माणसं? तू मोजलीस ना?”

आमच्या दोघांशिवाय तिथे कुणी नव्हतं. सांगितलं असतं तर तिने ते बाहेर नेलं नसतं, हेही मला ठाऊक होतं.

“होती,” मी म्हणालो. “मी तेव्हाच तुला म्हटलं होतं ताई, एवढ्यांना आणायची काय गरज होती.”

तिने मान हलवली. गुडघ्यावर हात टेकून उठली.

“खुर्ची सावलीत घे,” ती म्हणाली. “तुला ऊन सोसत नाही.” आणि त्यांच्या मागोमाग घरी गेली.