तळहातावरचं तेल

कोंबडीच्या पिल्लांच्या खाद्यात तेल किती घालायचं हे कुणीही सांगेल. ते चांगलं की वाईट, हे मात्र आमच्या घरात एकच नाक ठरवायचं, सासऱ्यांचं. थेंबभर तेल तळहातावर चोळायचं, हुंगायचं आणि मान डोलवायची. सासूबाई गेल्यापासून ते बोलायचे कमी, पण ती मान डोलली की पुढे बोलायची कुणाची टाप नव्हती.

या खेपेचा ड्रम उघडला आणि खवट भपकारा थेट डोक्यात गेला.

"बाबा, तेल खवट झालंय हो."

त्यांनी चोळलं, हुंगलं. "उत्तम आहे. पिल्लं लवकर अंग धरतील."

नवऱ्याकडे बघितलं, तर स्वारी तेल खाद्यात ओतायलाही लागली! म्हणे, बाबांच्या नाकापुढे आपण कोण?

पिल्लं तिसऱ्या आठवड्यात पडायला लागली. माना पाठीकडे पिळलेल्या, पाय हवेत झाडतायत. जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं; त्यांनी एक पिल्लू फाडून बघितलं, मग खाद्याचा वास घेतला.

"खवट तेलाने मेंदू गेलाय. खाद्य आत्ताच्या आत्ता बदला. पडलेली उठणार नाहीत, उभी आहेत ती तरी वाचवा."

"माझ्या नाकाखालून खवट तेल जाईल?" सासरे गरजले. "पिल्लंच नासकी आलीत. खाद्य तेच राहील!"

नासकी म्हणे! माझं डोकंच फिरलं. तरातरा मागच्या खोलीत गेले, तळहातावर रॉकेल ओतलं आणि त्यांच्या नाकाशी धरलं. "हे बघा बरं. नवीन ड्रममधलं आहे."

त्यांनी छाती भरून हुंगलं. मान डोलवली. "ताजं आहे. घाला."

डॉक्टर खाली बघायला लागले. सासऱ्यांनी आमची तोंडं बघितली, मग माझा हात, आणि त्यांना कळलं. मला वाटलं होतं, जिरवली एकदाची असं वाटेल. कसलं काय, मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कधीपासून, बाबा?" नवऱ्याने विचारलं.

"तुझ्या आईच्या उशीला वास येईनासा झाला," ते म्हणाले. "मला वाटलं, ती गेली म्हणून."

मग ते शेडमधल्या भुशातच बसले. पडलेलं एक पिल्लू मांडीवर घेऊन त्याची मान सरळ करत राहिले. ती पुन्हा पुन्हा मागे वळत होती. मी खाद्याची भांडी रिकामी करायला घेतली.