लाळेऱ्यावरचा डाग

अदितीच्या लाळेऱ्याला साबण लावला आणि त्यावरचा फिकट पिवळा डाग लाल झाला. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे कुठल्याही मराठी घरात माहीत असतं. पण अदितीच्या तोंडी हळद गेली कशी? तिचं उष्टावण अजून व्हायचं होतं. माझ्या दुधाशिवाय तिला काहीच मिळत नव्हतं, निदान माझी तशी समजूत होती.

माझा नवरा देवेश आणि मी कामावर गेलो की खालच्या मजल्यावरच्या राजसबाई तिला सांभाळत. तंजावरकडच्या. मराठी बोलताना मध्येच तमिळ शब्द यायचे त्यांच्या तोंडी; बाळाला त्या पाप्पा म्हणत. ओलं लाळेरं घेऊन मी तशीच खाली गेले.

"राजसबाई, हिला वरणभात भरवलात का?"

"छे मा. उष्टावणाआधी कोण भरवतं? ते पिवळं औषध असेल. पाप्पा थुंकते ना."

"कुठलं औषध?"

"तूच केलंस ना ते? देवेशनी आणून दिलं. ऋजुताने द्यायला सांगितलंय म्हणाले." त्यांनी खिडकीतली बिनलेबलची बाटली माझ्या हातात दिली. "आईनेच केलंय, मग आम्ही काय विचारायचं?"

बाटली मी लगेच ओळखली. देवेश आणि मी चेन्नईत, अड्यारमधल्या एकाच औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत होतो. बाळांसाठी अ जीवनसत्त्वाचे थेंब बनवत होतो. जीवनसत्त्व तेलात असतं, आणि तेल पाण्यात टिकत नाही, वर तरंगतं. म्हणून आम्ही वाळूच्या जातीचे अतिसूक्ष्म कण घेतले, त्यांच्यावर हळदीचं रंगद्रव्य चढवलं. ते कण तेलाच्या प्रत्येक थेंबाभोवती बसतात, थेंबांना एकमेकांत मिसळू देत नाहीत. मिश्रण सुरेख जमलं होतं. पण एवढे बारीक कण तान्ह्या पोटात जाऊन पुढे कुठे जातात, बाहेर पडतात की राहतात, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आधी उंदरांवर चाचणी, असं मी मीटिंगमध्ये धरून बसले होते. "ऋजुताचं बरोबर आहे," असं देवेश सगळ्यांसमोर म्हणाला होता.

संध्याकाळी तो आला तेव्हा अदिती माझ्या मांडीवर होती, बाटली टेबलावर.

"एवढं काय त्यात?" तो म्हणाला. "हळद तर आहे. तुलाही बाळगुटीत उगाळून दिली असेलच की."

"हळदीबद्दल मी कधी काही म्हटलं? कणांबद्दल म्हणत होते."

"थेंबभरच द्यायला सांगितलं होतं." त्याने बाटली दिव्यासमोर धरली. "आणि बघ, राजसबाईंच्या खिडकीतल्या उन्हातसुद्धा थर सुटलेला नाही."

मी अदितीला घट्ट धरलं. तो अजून बाटलीच बघत होता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तिचं पोट दाबून पाहिलं. "मूल बरं दिसतंय. पण याने नेमकं काय होतं?" त्यांनी विचारलं. कुणालाच माहीत नाही, हे त्यांना मीच सांगितलं. लक्ष ठेवा, म्हणाले. लक्ष तर मी ठेवतच होते, आणि तरी.

प्रयोगशाळेत पोचले तर शेषाद्री सर दारातच भेटले. आमचे प्रमुख. खूश होते.

"देवेशने सांगितलं. स्वतःच्या मुलीला देता तुम्ही दोघं! मालकांना हेच सांगतो. मग उंदरांसाठी कशाला थांबायचं?"

देवेश त्यांच्या मागेच उभा होता. त्याने मान हलवली, नको म्हणून.

"सर, मी दिलेलं नाही," मी म्हटलं. "माझं नाव सांगून दिलं गेलं. मला काल कपडे धुताना कळलं."

सर देवेशकडे वळले. "मग मालकांना चाचणीनंतरच भेटू," एवढंच म्हणून ते आत गेले.

परतताना रिक्षात तो म्हणाला, "घरातली गोष्ट ऑफिसात नेलीस तू."

"आणि ऑफिसातली घरात कुणी आणली?"

"माझीही मुलगी आहे ती, ऋजू."

मी बाहेर बघत राहिले. हेच तर मला समजत नव्हतं.

घरी पोचल्यावर राजसबाईंचं दार वाजवलं. अदितीला कडेवर घेऊनच त्यांनी उघडलं. देवेश मागे जिन्यात थांबला होता.

"राजसबाई, यापुढे अदितीला पाणीसुद्धा द्यायचं असेल तर मला विचारा. माझ्या नावाने कुणी सांगितलं तरी. देवेशने सांगितलं तरी."

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग जिन्याकडे. "सरी मा," म्हणाल्या, बरं म्हणून. देवेशने पुढे येऊन हात पसरले होते. त्यांनी अदितीला माझ्याकडे दिलं.